वेगळा, पण कुणापेक्षा?



 आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की मानसशास्त्राच्या चाचण्या, त्यांची आकडेवारी, ही विद्यापीठातल्या लोकांची बाब. शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात तिचं काय काम? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. या आकडेवारीचा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा नंदुरबार जिल्ह्यात जास्त बोचरा आहे, म्हणून तो इथेच मांडायला हवा.

शाईच्या डागांची चाचणी आपल्यापैकी अनेकांनी सिनेमात पाहिली असेल. हर्मान रोर्शाक या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ती तयार केली. १९२१ साली त्याचं पुस्तक आणि दहा कार्डं प्रसिद्ध झाली. पाच कार्डं काळ्या-करड्या रंगाची, दोन काळ्या-लाल रंगाची आणि तीन रंगीत. कार्ड हातात द्यायचं आणि विचारायचं, ‘हे काय असू शकेल?’ समोरचा जे सांगेल ते शब्दशः लिहून घ्यायचं. मग दुसऱ्या फेरीत त्याचीच उत्तरं त्याला वाचून दाखवायची आणि ते कुठे दिसलं, कशामुळे तसं वाटलं, हे विचारायचं. पुस्तक निघाल्यानंतर वर्षभराच्या आत, २ एप्रिल १९२२ रोजी, रोर्शाक अपेंडिक्सच्या आजारातून झालेल्या संसर्गाने वारला. वय अवघं ३७. चाचणी अर्धवटच राहिली आणि पुढची शंभर वर्षं इतरांनी ती आपापल्या परीने पुरी करण्याचा प्रयत्न केला.

रोर्शाकच्या पुस्तकातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याने ४०५ माणसांची उत्तरं तपासली होती. त्यांत ११७ निरोगी आणि बाकीचे रुग्ण. निरोगी माणसांतही त्याने शिकलेले आणि न शिकलेले वेगळे मांडले. एवढंच नव्हे, तर बर्न भागातले लोक आणि अपेन्झेल भागातले लोक यांच्या उत्तरांची धाटणी वेगळी असते, हेही त्याने नोंदवलं. स्वित्झर्लंड केवढासा देश! त्यातल्या दोन भागांतल्या माणसांना एकाच मापाने तोलू नये, हे चाचणीच्या जनकाला पहिल्याच पुस्तकात दिसलं होतं. शहादा आणि धडगाव एकाच जिल्ह्यात आहेत, पण मधला घाट चढून गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता प्रमाणकं, म्हणजे ज्यांना आम्ही नॉर्म्स म्हणतो, ती काय असतात ते पाहू. एखाद्याने दहा कार्डांवर २२ उत्तरं दिली. ही जास्त की कमी? त्यातल्या ४ उत्तरांत त्याने सांगितलेली वस्तू आणि डागाचा आकार यांचा मेळ बसत नाही. ही चिंतेची बाब आहे की नाही? केवळ ‘४’ या आकड्याकडे पाहून याचं उत्तर मिळत नाही. निरोगी माणसं साधारण किती वेळा असं करतात, हे आधी ठाऊक असावं लागतं. त्यासाठी पुष्कळ निरोगी माणसांना तीच कार्डं, त्याच पद्धतीने दाखवून सरासरी आणि तिच्या आजूबाजूचा पसारा काढून ठेवतात. रुग्णाचा आकडा त्या तक्त्याशेजारी ठेवला, की तो वेगळा आहे की चारचौघांसारखा, हे ठरतं.

म्हणजे सगळी भिस्त त्या ‘चारचौघां’वर. हे चारचौघे कोण?

इथे तुमच्या ओळखीचं उदाहरण देतो. तोडणीआधी कारखान्याचा माणूस उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, पाहायला शेतात येतो. तो बांधालगतचा एकच ऊस कापून ‘या प्लॉटचा ब्रिक्स इतका’ असं लिहून गेला, तर तुम्ही त्याला सोडाल का? चार ठिकाणचे ऊस घे म्हणाल. आणि दुसऱ्याच्या शेतातला ऊस कापून तुमच्या शेताचा आकडा लिहिला, तर भांडण होईल. माणसाच्या मनाच्या बाबतीत असं भांडायला कुणी उभं राहत नाही, कारण तक्ता कुठून आला हे अहवालात बहुधा लिहिलेलंच नसतं.

एक उत्तर जवळून पाहू. समजा, अक्कलकुव्याकडच्या एका तरुणासमोर दहावं कार्ड आहे. निळे, पिवळे, हिरवे, गुलाबी असे विखुरलेले डाग. तो म्हणतो, ‘बुध्या नाचतो आहे.’ दुसऱ्या फेरीत विचारल्यावर सांगतो, की हा वरचा भाग म्हणजे डोक्यावरचा मोरपिसांचा टोप, हे दोन्हीकडे लटकलेले कमरेचे भोपळे आणि घुंगरू, हे अंगावर काढलेले ठिपके. काठी गावची होळी, जिच्यात हे बुध्या सजून नाचतात, ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे चित्र क्षणात डोळ्यांसमोर येईल. आता परीक्षक गुण द्यायला बसतो. पूर्ण डाग वापरला, माणूस दिसला, माणसाची हालचाल दिसली, रंगाचा उपयोग केला. इथवर ठीक. पुढचा प्रश्न आकाराचा. जॉन एक्स्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीत यासाठी मोठा तक्ता आहे. साडेनऊ हजार माणसांच्या उत्तरांवरून तो बनवला. डागाच्या अमुक भागावर अमुक वस्तू पुरेशा लोकांना दिसली असेल, तर ते उत्तर ‘सर्वसाधारण’. त्या तक्त्यात बुध्या कुठून असणार? तक्त्यात नसेल तर परीक्षकाने जवळपासचं उत्तर शोधायचं आणि तेही नसेल तर स्वतःच ठरवायचं, की हा आकार सहज दिसण्यासारखा आहे की ओढूनताणून आणलेला आहे. होळी पाहिलेला परीक्षक म्हणेल, विरळ पण पटण्यासारखं. ज्याने कधी बुध्या पाहिलेलाच नाही, तो उणे चिन्ह देईल. आणि माणसाची हालचाल सांगणाऱ्या उत्तराला उणे चिन्ह मिळालं, की या चाचणीच्या भाषेत ते साधंसुधं राहत नाही. विचारांत आणि माणसांकडे पाहण्याच्या दृष्टीत बिघाड असल्याच्या शंकेत ते मोजलं जातं. तरुण तोच, डाग तोच, उत्तर तेच. फरक पडला तो परीक्षकाने फाल्गुनातली ती रात्र पाहिली आहे की नाही, याने.

अशी उत्तरं किती येतात, कुठल्या कार्डांवर येतात, कुठल्या भागातल्या लोकांना काय दिसतं, याची मोजदाद करणं म्हणजेच प्रमाणकं अद्ययावत करणं. नवे आकडे छापले की काम झालं, असं नव्हे.

जिथे साधनं मुबलक होती, तिथे तरी हे काम नीट झालं का? अमेरिकेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. रोर्शाकनंतर तिथे डागांची चाचणी वापरण्याच्या पाच निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या होत्या. एक्स्नरने १९७४ मध्ये त्या एकत्र आणून एकच सर्वसमावेशक पद्धत मांडली आणि शेकडो निरोगी प्रौढांची प्रमाणकं दिली. चाचणीला शिस्त आली, प्रतिष्ठा आली. पुढे ७०० माणसांचा नमुना जाहीर झाला आणि जगभर वापरला गेला. शतकाच्या अखेरीस लक्षात आलं, की त्यातल्या २२१ नोंदी दोनदा मोजल्या गेल्या होत्या. म्हणजे प्रत्यक्षात माणसं ४७९. बरीच वर्षं हजारो अहवाल या तक्त्याच्या आधाराने लिहिले गेले होते.

त्याहून गंभीर गोष्ट दुसरी होती. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १२३ सर्वसामान्य प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसं नोकरी-धंदा करणारी, इतर चाचण्यांत ठणठणीत. पण एक्स्नरच्या तक्त्याशेजारी ठेवली, तर त्यांतले बरेच जण बिघडलेले दिसू लागले. २००१ मध्ये जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांवरचे ३२ अभ्यास एकत्र करून हीच तक्रार पुढे मांडली, की हा तक्ता धडधाकट माणसाला आजारी ठरवतो. एकच आकडा देतो. आकार न जुळणाऱ्या उत्तरांचं प्रमाण जुन्या तक्त्यात सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे अनेक देशांतल्या निरोगी माणसांत ते १९ टक्क्यांच्या आसपास निघालं. ज्याची १९ टक्के उत्तरं तशी आहेत, तो जगातल्या सर्वसामान्य माणसासारखाच आहे. पण ७ टक्क्यांच्या तक्त्यापुढे उभा केला, की ‘याचं वास्तवाचं भान सुटलेलं दिसतं’ असं वाक्य अहवालात जातं. अशा अहवालाच्या आधारे औषध सुरू होतं, घटस्फोटाच्या प्रकरणात मुलाचा ताबा कुणाकडे द्यावा याची चर्चा होते. माणसाचं आयुष्य वळतं.

एक्स्नरने नवा नमुना गोळा करायला सुरुवात केली होती. २००६ मध्ये तो वारला. ४५० जणांचा तो नमुना पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्याच २००७ साली ग्रेगरी मायर, फिलिप एर्डबर्ग आणि थॉमस शॅफर यांनी १७ देशांतल्या २१ नमुन्यांमधील ४,७०४ प्रौढांची एकत्रित प्रमाणकं छापली. अर्जेंटिना आहे, पेरू आहे, ब्राझील आहे, जपान आहे, रोमानिया आहे. भारत नाही. दक्षिण आशियातला एकही देश नाही. पुढे २०११ मध्ये मायर, व्हिग्लिओन, मिहुरा, एरार्ड आणि एर्डबर्ग यांनी नवी पद्धत आणली. तिच्यात आकाराचा तक्ता ठरवताना अर्जेंटिना, ब्राझील, इटली, जपान आणि स्पेन या पाच देशांतल्या उत्तरांचा विचार केला. अमेरिकेबाहेर पाहिलं, हे पाऊल मोठं आहे आणि त्याचं मी मनापासून कौतुक करतो. पण जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा असलेला देश त्या मोजणीत नाही आणि आपल्या रुग्णालयांत मात्र ती कार्डं कपाटातून निघतात, याची टोचणी आपल्याला लागायला हवी.

मुलांच्या बाबतीत तर २००७ च्या त्या अभ्यासकांनीच हात राखला. निरनिराळ्या ठिकाणचे मुलांचे नमुने एकमेकांपासून इतके दूर गेले होते, की त्यांवरून एखाद्या मुलाबद्दल निष्कर्ष काढू नये, असं त्यांनी सुचवलं. आश्रमशाळेतल्या मुलाबद्दल असा निष्कर्ष लिहिण्यापूर्वी हे आठवावं.

आपल्याकडे कुणी काहीच केलं नाही, असं मात्र नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची कन्नड आणि मराठी मुलांसाठी आवृत्ती तयार केली. धारवाडकडच्या मुलांवर त्यांनी ती बेतली. आज सीमाभाग म्हणून आपण ज्या पट्ट्याबद्दल बोलतो, त्याच्या आसपास नव्वद वर्षांपूर्वी एक माणूस दोन भाषांतल्या मुलांना शेजारी बसवून मोजत होता. नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये डॉ. आर्थर मॅलिन यांनी १९६० च्या दशकात वेक्स्लरच्या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप सिद्ध केलं. सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचंही केलं. शाईच्या डागांसारख्या प्रक्षेपी चाचण्यांत कोलकात्याच्या उमा चौधरी यांनी चित्रांवरून गोष्ट सांगायच्या चाचणीत अमेरिकन माणसांच्या जागी भारतीय माणसं आणि भारतीय घरं आणली. ही सगळी मंडळी माझ्या दृष्टीने थोर आहेत. कारण परकी फूटपट्टी जशीच्या तशी लावायची नाही, हे त्यांनी कष्टाने दाखवून दिलं.

दुःख याचं आहे, की त्यांनी केलेलं काम आपण पुढे नेलं नाही, नुसतं वापरलं. कामतांची आणि मॅलिन यांची चाचणी आजही दिव्यांगत्वाच्या तपासणीत वापरली जाते. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांचे आकडे मांडून दाखवलं, की बुद्धिमापन चाचण्यांतले गुण पिढीगणिक वाढत जातात, दर दशकाला सुमारे ३ गुणांनी. म्हणून जुन्या प्रमाणकांशी तुलना केली, की आजच्या मुलाचा बुद्ध्यांक आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. ज्या मुलाला खास शिक्षणाची, सवलतीची खरोखर गरज आहे, ते मूल ७० च्या रेषेच्या वर दिसतं आणि आई-बाप रिकाम्या हाताने परत येतात. शाईच्या डागांत जुना तक्ता चांगल्याला आजारी ठरवतो. इथे जुना तक्ता मदतीला पात्र असलेल्याला परत पाठवतो. चूक दोन्ही दिशांनी होते आणि दोन्हीकडे भरडला जातो तो तक्ता कधीच न पाहिलेला माणूस.

मग करायचं काय? काहीजण म्हणतात, डागांची चाचणी टाकूनच द्या. मला हे मान्य नाही. २०१३ मध्ये मिहुरा आणि सहकाऱ्यांनी एक्स्नरच्या पद्धतीतल्या ६५ मापांचा पुरावा तपासला. १३ मापांना भक्कम आधार निघाला, १७ ना चांगला. काहींना नाममात्र किंवा अजिबात नाही आणि १२ मापांवर तर अभ्यासच झालेला नव्हता. विचारांतली विस्कळीतता आणि वास्तवाचं आकलन मोजणारी मापं टिकली. पूर्वी ही चाचणी थांबवा म्हणणाऱ्या टीकाकारांनीही पुढे त्या मापांपुरता आपला विरोध मागे घेतला. म्हणजे जे टिकलं तेच वापरावं, बाकीचं सोडावं आणि जे वापरायचं त्यासाठी आपल्या माणसांची प्रमाणकं बनवावीत.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. स्थानिक प्रमाणकं करताना एक धोका असतो. या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरं बरोबर जातात, शाळा सुटते. समजा, अशा मुलांत उदासी सर्रास आढळली आणि तिचीच आपण सरासरी काढली, तर ती उदासी ‘इथलं सर्वसाधारण’ होऊन बसेल. उपाशी पोरांचं सरासरी वजन काढून त्यालाच योग्य वजन म्हणण्यासारखं ते होईल. म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. इथे काय नेहमी दिसतं, हा एक प्रश्न. काय निकोप आहे, हा दुसरा. बुध्या दिसणं ही संस्कृतीची गोष्ट आहे; तिची नोंद स्थानिक तक्त्यात व्हावी. त्रास हा त्रासच आहे, तो कितीही जणांना असला तरी. नमुना निवडताना प्रत्येकाची प्रकृती, झोप, काम, घरची स्थिती यांची स्वतंत्र नोंद झाली, तरच हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळणार नाहीत.

नमुना किती मोठा हवा, हेही सांगतो, कारण इथेच सगळे घाई करतात. एक्स्नरच्या पद्धतीत दर तीन माणसांत एकाला तरी सुचणारं उत्तर ‘लोकप्रिय’ मानतात. पाचव्या कार्डावर वटवाघूळ किंवा फुलपाखरू, तसं. तुम्ही १०० माणसं तपासली आणि ३३ जणांनी एक उत्तर दिलं, तर खरं प्रमाण २४ टक्क्यांपासून ४२ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. इतक्या सैल आकड्यावर तक्ता उभा राहत नाही. ४०० माणसं घेतली, तर हा पसारा निम्म्यावर येतो. तीस-चाळीस विद्यार्थ्यांवर प्रकल्प करून ‘भारतीय प्रमाणकं’ असं शीर्षक देणं थांबायला हवं. कॉलेजचे विद्यार्थी हाताशी असतात म्हणून तेच घेतले जातात. पण शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, साठी ओलांडलेली माणसं यांच्याशिवाय हा जिल्हा पुरा होत नाही.

भाषेचं काम सर्वांत नाजूक. या चाचणीत शब्दशः नोंद हवी. अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या माणसाचं उत्तर दुभाष्याने ‘तो म्हणतो, कसलंतरी पाखरू आहे’ असं सांगितलं, की अर्धी चाचणी तिथेच वाया गेली. कोणतं पाखरू, ते बसलंय की उडतंय, त्याच्या पंखांचं काय, हे सगळं त्याच्या बोलीत होतं आणि ते कागदावर आलं नाही. त्या बोलीत वाढलेली, नीट प्रशिक्षण घेतलेली तरुण माणसं चाचणी घ्यायला हवीत. प्रत्येक नोंद दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासायला हवी. आणि समोरच्याला आधी सांगायला हवं, की ही तुझी परीक्षा नाही, यात नापास होत नाही, नको वाटलं तर उठून जा. सरकारी कागदाची धास्ती असलेल्या माणसाने दिलेली उत्तरं त्याच्या मनापेक्षा त्याच्या भीतीबद्दल जास्त सांगतात.

हे काम महागडं नाही, पण चिकाटीचं आहे. शहाद्यात, नंदुरबारला महाविद्यालयं आहेत, मानसशास्त्र शिकणारी मुलं-मुली आहेत. त्यांतली कितीतरी घरी पावरी किंवा अहिराणी बोलतात आणि वर्गात ती बोली बाजूला ठेवतात. या कामात तीच बोली त्यांची खरी पात्रता ठरेल.

माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे: प्रत्येक अहवालात एक ओळ घाला. कोणत्या देशातली, कोणत्या वर्षाची, किती माणसांची प्रमाणकं वापरली, ते लिहा. लिहायला लाज वाटली, तर निष्कर्ष सौम्य करा. प्राध्यापकांना विनंती: दरवर्षी विद्यार्थ्यांकडून पन्नास सुटे प्रकल्प करून घेण्याऐवजी एकच नमुना पाच वर्षं जमवा आणि तो सर्वांना खुला ठेवा. आणि तुम्हाला, श्रोत्यांना विनंती आहे: उद्या कुणी विद्यार्थी तुमच्या दारात दहा कार्डं घेऊन आला, तर त्याला तासभर द्या. तुमच्या मुलाबद्दल कुणी चाचणीचा अहवाल हातात ठेवला, तर सही करण्याआधी शांतपणे विचारा: आमच्या मुलाची तुलना तुम्ही कुणाशी केलीत?